आतल्या मशीनचं घड्याळ

मी जन्मजात संशयी माणूस. बाजारात शेंगा घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातल्या शेंगा वर काढणार, तेव्हा कुठे भाव विचारणार. बायको म्हणायची, "तुम्ही आरशातसुद्धा दोनदा बघता, हा तोच आहे ना म्हणून." तिचं काही चुकत नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीरामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. दोन हजार साल येणार म्हणून नवीन सर्व्हर घेतला होता. पण आमचा ऊस नोंदणीचा जुना प्रोग्राम त्याच्यावर चालेना. मग दोन विक्रेते दोन सीड्या घेऊन आले. दोघांचं म्हणणं एकच: हे सॉफ्टवेअर टाका, म्हणजे एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालेल आणि त्यात तुमचा जुना प्रोग्राम सुखाने नांदेल. माझा अर्थातच विश्वास बसला नाही. कुठलं चांगलं पळतं ते आधी तपासायचं ठरवलं.

तपासणीचं काम आमच्या ऑपरेटरकडे दिलं. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, बेलापूरहून सायकलने यायचा. सात वर्षं हंगामी होता. म्हणजे गाळप सुरू झालं की कामावर, हंगाम संपून पट्टा पडला की घरी. त्या वर्षी हंगामी लोकांतून काही जणांना कायम करणार होते आणि पहिल्या चारांत त्याचं नाव होतं.

काम साधं होतं, तिन्हीकडे चालेल असा एक छोटा प्रोग्राम मी लिहून दिला होता. सगळ्या गावांची ऊस नोंद लागणीच्या तारखेप्रमाणे लावायची आणि किती वेळ लागला ते लिहायचं. एकदा थेट मशीनवर, एकदा पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये, एकदा दुसऱ्यात. पहिल्याच दिवशी तो मनगटावरच्या घड्याळात बघून आकडे लिहायला लागला. मी त्याला थांबवलं.

"हे घड्याळ कुठल्या जत्रेतलं? स्क्रीनवरची वेळ लिहा. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"पन साहेब, स्क्रीनवर कमी येळ दिसतोय. माझ्या घड्याळात जास्ती लागतोय."

"म्हणूनच स्क्रीनवरची लिहा," मी म्हणालो आणि त्याचा घड्याळावरून लिहिलेला रकाना मीच लाल पेनाने खोडून टाकला.

आठवड्याने त्याचा कागद माझ्यासमोर आला. पहिलं सॉफ्टवेअर थेट मशीनपेक्षा थोडं हळू, ते ठीक. दुसरं मात्र थेट मशीनपेक्षाही जोरात! लिटरच्या मापात सव्वा लिटर दूध मावल्यासारखं झालं हे. माझं डोकं लगेच चालायला लागलं. दोनच दिवसांपूर्वी मी त्याला दुसऱ्या विक्रेत्याच्या मारुतीतून उतरताना पाहिलं होतं. सायकल पंक्चर झाली होती, असं त्याने न विचारताच सांगितलं. न विचारता सांगणाऱ्याचा मला फार राग येतो.

त्याच दुपारी मी कार्यकारी संचालकांना चिठ्ठी लिहिली: नोंदी विश्वासार्ह नाहीत, नोंदी करणाऱ्याची विक्रेत्याशी जवळीक दिसते. त्याला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर तो सावध झाला असता, असं मी स्वतःला समजावलं. त्याला वजनकाट्यावर पाठवलं आणि चाचणी मी स्वतः घ्यायला बसलो.

माझेही आकडे तेच आले! मग मी विक्रेत्यावर संशय घेतला, सीडीवर घेतला, वायरमनवरसुद्धा घेतला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यादी लागत असताना चारच्या पाळीचा भोंगा झाला. सवयीने मी स्क्रीनकडे बघितलं. आतल्या मशीनमध्ये चारला नऊ मिनिटं कमी होती. बाहेरच्या मशीनमध्ये बरोब्बर चार. भिंतीवरच्या घड्याळातही चार.

मी तिन्ही वेळा पुन्हा ताडून पाहिल्या, तेव्हा उलगडा झाला. आतल्या मशीनला स्वतःचं घड्याळ नव्हतंच. त्याला टोले देणारं बाहेरचं मशीन. काम वाढलं की काही टोले बुडायचे आणि आतली मिनिटं लांबायची. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये टोले कमी बुडत होते, दुसऱ्यात जास्त, म्हणून ते पळत असल्यासारखं दिसायचं. खरं तर तेच रखडत होतं. सगळा कारखाना दोन हजार सालाच्या शेवटच्या दोन शून्यांना घाबरत होता, मिनिटांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ज्याचं होतं, त्याचा रकाना मी खोडला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

मी लगोलग दुसरी चिठ्ठी दिली: दोष सॉफ्टवेअरमधल्या घड्याळाचा, नोंदी प्रामाणिक आहेत. ऑफिसातून उत्तर आलं की कायम करायची यादी त्याचं नाव वगळून मंजूर होऊन गेली, आता पुढच्या हंगामात बघू.

वजनकाट्यावर बैलगाड्यांची रांग होती. तो वजनाच्या पावत्या फाडून देत होता. मी त्याला बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. भोंग्याचं सांगितलं, बुडालेल्या टोल्यांचं सांगितलं, दुसऱ्या चिठ्ठीचंही सांगितलं. माफी मागितली.

"दोष घड्याळाचा, असं लिवलं व्हय?"

"हो. स्पष्ट लिहिलंय."

"आन् स्क्रीनवरची येळ लिवायला तुमी सांगितलं हुतं, ते लिवलं का?"

मी ते लिहिलं नव्हतं. मागून गाडीवान ओरडायला लागले, तसा तो पावती पुस्तक उचलून काट्याकडे गेला.