आक्काचा वरच्या मजल्यावरचा स्वयंपाक

आक्काला शेवटचं भेटले तेव्हा ती दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसायची धडपड करत होती. "पद्माचं अ‍ॅग्रीमेंट संपाय आलंय. माझा सैपाक ऱ्हायलाय तिथं," म्हणाली. सिस्टरला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. मला तसं वाटलं नाही. माझी थोरली बहीण पूर्ण शुद्धीत होती आणि कामाचं बोलत होती. त्याच आठवड्यात ती गेली... काम मात्र राहिलं.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराचा वरचा मजला ती भाड्याने द्यायची. सध्या तिथे पद्मा आणि तिचा नवरा राहतात. अकरा महिन्यांचा करार संपत आला की ही बाई पिशवीत डाळ-तांदूळ, भाजी घेऊन जिना चढणार आणि भाडेकरूच्या ओट्याशी उभी राहून सगळ्यांचं जेवण करणार! जेवणं झाल्यावरच भाड्याचा विषय. गल्लीतले लोक हसायचे, मीही हसायचे. एकदा तिने मला झापलंच. "आमी भाड्यानं ऱ्हात हुतो तवा मालक खाली गाडीवर बसूनच भाडं वाढवायचा. कवा जिना चढला न्हाय. वर नळाला पाणी येतंय का न्हाय, तेला काय ठावं?"

पण म्हणून तिला भोळी समजू नका. पद्माच्या नवऱ्याने एकदा, यंदा भाडं आहे तेवढंच राहू द्या, अशी गळ घातली. आक्का भाजी धूत होती. तिने नळ पूर्ण सोडला. "गेल्या साली खालनं घागरी आणत हुता. आता पाणी वर चढतंय. टाकी मी बसवली. मग भाडं चढणार की!" तो हसला आणि कबूल झाला. काही नवं दिलं नसेल तर मात्र ती नावाला वाढवायची आणि ते भाडेकरूला तोंडावर सांगायची.

तिची फजिती झाली ती पद्माच्याच घरात. हे जोडपं हातकणंगल्याकडचं, जैन. घरात कांदा-लसूण चालत नाही. आक्काने पहिल्याच वर्षी सवयीने कांदालसणाची चटणी नेली आणि त्यांच्याच कढईत फोडणी दिली! पद्मा नवीन, मालकिणीला बोलायचं कसं? ताटाला हात न लावता दोघंही बसलेली बघून आक्काच्या डोक्यात प्रकाश पडला. जेवण तसंच टाकून ती बाजारात गेली, नवी कढई घेऊन आली आणि पुन्हा आमटी-भात केला. भाडं ठरलं ते त्या दुसऱ्या जेवणानंतर. मला सांगताना म्हणाली, "पोरं उपाशी बसलीती, तवा भाड्याचं कसं बोलू?"

आक्का गेल्यावर काही दिवसांनी तिच्या मुलाचा, अभिजितचा, पुण्याहून फोन आला. "मावशी, मोबाईलवर जाहिराती बघितल्या. त्या भागात दुप्पट भाडं चाललंय. तेवढं द्या, नाहीतर खाली करा, असं जाऊन सांगतेस का?" माझं डोकंच फिरलं. पद्मा पुढच्या खोलीत पेठेतल्या बारक्या मुलांचा वर्ग घेते. नवऱ्याची नोकरी तात्पुरती, घर त्या वर्गावर चालतं. लांब कुठे जावं लागलं तर वर्ग मोडणार, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"त्या जाहिरातीतल्या इमारतीला लिफ्ट हाय, गाडी लावाय जागा हाय. तुझ्या घराला काय हाय रे?"

"मावशी, बाजारभाव म्हणून काही असतो की नाही?"

"असतोय की. पन तो आपल्यासारख्या घराचा बघ. आणि मी निरोप सांगणार न्हाय. तू ये, वर जा, सैपाक कर, मग बोल."

तो हसला. मी हसले नाही. महिन्याच्या विधीला तो कोल्हापुरात आला, तेव्हा मी त्याच्या हातात पिशवी दिली आणि त्याला जिन्याकडे ढकललं. येत काय होतं त्याला? भात आणि पिठलं. बिनलसणाचं, हे मी दोनदा बजावलं. पश्चिमेची भिंत तापलेली, अभिजित घामाने निथळला. पिठल्यात गुठळ्या झाल्या. पद्मा मदतीला उठली तर मी तिला बसवून ठेवलं.

पानं मांडली. पद्मा म्हणाली, "काकू इथं बसायच्या, दाराजवळ." अभिजित तिथे बसला. पिठलं ढवळताना त्याची मान खालीच होती; त्या जागेवरून मात्र ओट्यामागची अख्खी भिंत समोर दिसते. छतापासून खालपर्यंत ओल उतरली होती, पोपडे सुटले होते. त्याचा घास हातातच राहिला.

"हे आईला माहीत होतं?"

"व्हय. मिस्त्री पाठवते म्हणाल्या होत्या. मग दवाखान्यात गेल्या."

पद्माच्या नवऱ्याने, थोडं वाढवून देतो, म्हणून विषय काढला. त्याला हाताने थांबवत अभिजित म्हणाला, "आधी ही भिंत. मग बोलू." मला भडभडून आलं. ताटावर बसून मी रडले आणि कुणी मला गप्प केलं नाही. अभिजितने गुठळ्यांसकट पिठलं संपवलं, हात धुतले आणि जिन्यात उभं राहून मिस्त्रीला फोन लावला.