मोटारीजवळची रेंज

जावेकडे तिचा फोन दिवसभरासाठी मागितला, तेव्हा तिला वाटलं माझा बिघडला. बिघडला नव्हता. तिच्या कंपनीची रेंज आमच्या वावरात कुठे येते आणि कुठे येत नाही, ते मला पाहायचं होतं. ती हसली. एवढं कोणी पाहत असतं का, म्हणाली. पण फोन दिला, आणि विहिरीत पाडू नको म्हणून बजावलंही.

आम्ही शिरपूरला राहतो. गावाला लागूनच आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. वरच्या अंगाला तोंडलीचा मांडव, खाली दोडकी, चवळी, भेंडी, आणि मधल्या पट्ट्यात तूर. जैन मंदिराच्या दर्शनाला येणाऱ्या लोकांच्या भोजनशाळेत आमची भाजी जाते. जमिनीखाली वाढणारं तिथे काही चालत नाही, त्यामुळे कांदे-बटाट्यांच्या वाटेला आम्ही कधी गेलो नाही. राहिलेला माल घेऊन नवरा सकाळीच वाशीमच्या बाजारात जातो. आचाऱ्याचा फोन कधीही येतो, आणखी एक बस आली आहे, दोडकी वाढवा. तो फोन लागला नाही तर तो दुसऱ्या कोणाला तरी लावतो. म्हणून फोन आमच्याकडे चैनीची वस्तू नाही.

आमच्या कंपनीने रिचार्ज वाढवला, मग काही महिन्यांनी पुन्हा वाढवला. घरात तीन फोन. जावेची कंपनी वेगळी, आणि तिचं बरंच स्वस्तात भागत होतं. नंबर तोच राहतो, फक्त कंपनी बदलते, असं नवऱ्याने मला एकदा समजावून सांगितलं आणि निर्णय माझ्यावर टाकून मोकळा झाला. या गोष्टी घरात मीच पाहते. गावातले बरेच जण बदलून मोकळे झाले होते. मी मात्र आज करू, उद्या करू करत होते, आणि त्याचं कारण सासरे, म्हणजे मामाजी होते.

आदल्या हिवाळ्यात मामाजी मोटार चालू करायला विहिरीवर गेले आणि ओल्या फरशीवरून घसरून पडले. मी त्याच वावरात, वरच्या टोकाला तोंडली तोडत होते. मध्ये उभी तूर. मला काहीच कळलं नाही. जेवायची वेळ टळून गेली तरी ते येईनात, म्हणून मी खाली गेले, तर ते विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेले. ओठ पांढरे पडले होते. बोलवलं तर नुसती मान हलवली. हाड मोडलं नव्हतं, पण कमरेच्या मारामुळे बरेच दिवस खाटेवर गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगत, खूप आवाज दिले, पण मोटारीच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही.

ते हिंडू-फिरू लागल्यावर मी त्यांच्यासाठी बटणांचा साधा फोन आणला. एक नंबरचं बटण दाबून धरलं की मला लागतो, हे त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. विहिरीजवळ जाऊन रेंजही पाहिली. पूर्ण होती. तेव्हापासून मी जरा निर्धास्त होते. आता स्वस्ताच्या नादात तीच रेंज घालवायची का, हे माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून जावेचा फोन घेऊन मी वावरात गेले. झोपडीत रेंज चांगली होती. मांडवाखालीही होती. विहिरीकडे उतरताना एकेक दांडी कमी होत गेली आणि मोटारीच्या पेटीजवळ काहीच उरली नाही. हात उंच केला की एक दांडी येई, खाली आणला की जाई. पडलेला माणूस हात कशाला उंच करेल? मी फरशीवर बसून पाहिलं, कठड्याला टेकून पाहिलं. बसल्यावर नाही. जरा बाजूला सरकले तर आली. त्या जागेवर मी खडा ठेवला. दुपारी पुन्हा गेले तर खड्याच्या जागी रेंज नव्हती आणि दुसरीकडेच होती.

दुसऱ्या दिवशी जावेचा फोन मी परत मागून आणला. कोणीतरी सांगितलं होतं की लाइट गेली की त्या कंपनीचा टॉवर बंद पडतो. आता हेही पाहणं आलं. आमच्याकडे लाइट एरवी कधीही जाते, पण मी वाट पाहत बसले त्या दिवशी ती जाईचना. भेंडी तोडता तोडता मी सारखी मोटारीच्या आवाजाकडे कान देत होते. शेवटी कंटाळून फोन परत नेऊन दिला, आणि घरी येऊन चूल पेटवते तोच लाइट गेली.

याच दिवसांत मी कंपनी बदलायचा मेसेजही पाठवून टाकला होता. पाठवून तर पाहू, असं म्हणून. लगेच कोड आला. तो काही दिवसच चालतो, मग बाद होतो, असं बसस्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानदाराने सांगितलं. मग तर मला काही सुचेनासं झालं. भाकरी थापताना मध्येच हात पुसून मी कोड आहे ना ते पाहून यायची. जुन्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. आधी हिंदीत बोलली, मग मराठीत. सोडायचं कारण काय, तिने विचारलं. महाग झालं, मी म्हणाले. तिने माझ्यापुरती काही महिन्यांसाठी सवलत देऊ केली. त्यानंतर काय, असं विचारलं, तर ते आत्ता सांगता येणार नाही म्हणाली. आवाजाने गोड होती बिचारी. फोन ठेवल्यावर वाटलं, राहू द्यावं जुनंच. थोड्या वेळाने वाटलं, सवलत देणं यांना जमत होतं तर आधी का दिली नाही? नवऱ्याला सांगितलं, तर तो बाजारातून दमून आलेला. त्याने जेवता जेवता वर न पाहता म्हटलं, "कर काहीतरी एक. पण रोज नोको सांगू."

कोड संपायच्या बेताला आला, तेव्हा मी पुन्हा एकदा विहिरीवर गेले. या वेळी माझा आणि जावेचा, दोन्ही फोन दोन हातांत धरून. मामाजी भेंडीच्या वाफ्यातलं तण काढत होते. मी कधी बसत होते, कधी उठत होते, कठड्याला टेकत होते. ते कितीतरी वेळ पाहत राहिले असावेत, कारण विळा हातात घेऊनच ते जवळ आले.

"काय करून राह्यली तू? मागं बी अशीच फिरत होती."

मी त्यांना सगळं सांगितलं. जावेची कंपनी स्वस्त आहे, पण इथे मोटारीजवळ तिची रेंज येत नाही, आणि तुम्ही इथेच असता, तुम्हाला फोन लागायला नको का, वगैरे. ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष माझ्या बोलण्यात नसावं.

"माह्या फोनसाठी करून राह्यली हे?"

"हो, मामाजी."

"तो झोपडीत हाय. खुंटीले."

मला आधी नीट समजलं नाही. मग मी विचारलं, रोज तिथेच असतो? ते म्हणाले, रोज. खाली वाकलं की बंडीच्या खिशातून निसटतो, एकदा विहिरीत पडता पडता वाचला, तेव्हापासून तो खुंटीलाच. मला एकदम राग आला. इतके दिवस मी फरशीवर उठबस करत होते ती कशासाठी? मी जरा चढ्या आवाजात म्हणाले की फोन खुंटीला लावण्यासाठी घेतलेला नाही, त्या दिवशी हा फोन जवळ असता तर तुम्हाला तेवढा वेळ पडून राहावं लागलं नसतं.

ते विळ्याची माती अंगठ्याने खरवडत उभे राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी फोन असता तरी तुले लावला नसता."

"काहून?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. "घसरलो तवा धोतर सुटलं होतं. पुरं भिजलं अन् पायात गुंतलं. बसूनच्या बसून मले ते नेसता येईना, लय वेळानं कसंबसं गुंडाळलं. तू वरतं तोंडली तोडून राह्यली होती, तुह्या बांगड्या वाजत होत्या, मले आयकू येत होत्या. आवाज देल्ला असता तर तूच आली असती धावत. सुनेनं तसं पाहावं का मले?"

मग मला आठवलं. मी खाली आले होते तेव्हा त्यांचा श्वास ऐकू येत होता. मोटार चालू असती तर तो ऐकूच आला नसता. मी तसं म्हणाले.

"लाइट कुठं होती त्या दिवशी," ते म्हणाले. "मोटार चालूच नाई झाली." आणि ते पुन्हा वाफ्यात जाऊन बसले.

म्हणजे ते ओरडलेच नव्हते. कमरेत तसली कळ येत असताना ते धोतर सावरत बसून राहिले, आणि मी वर मांडवाखाली. मी तिथेच कठड्यावर बसले. दोन्ही फोन मांडीवर होते, दोन्हींकडे बघावंसं वाटत नव्हतं. दुपारी घरी गेले, दाळीला फोडणी दिली, मीठ घालायचं विसरले. नवऱ्याला सांगावं का, हाही प्रश्न होता. मामाजींनी ही गोष्ट मुलालाही सांगितली नव्हती. मी सांगितली तर त्यांना तोंड दाखवायला जड जाईल. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या फोनमध्ये एक नंबरच्या बटणावरचं माझं नाव काढलं आणि तिथे त्यांच्या मुलाचा नंबर घातला. त्यांना म्हटलं, काही झालं तर लेकाला लावा. तो बाजारात असला तरी कोणा ना कोणा माणसाला पाठवेल. ते बटणाकडे बराच वेळ बघत राहिले. मी बंडीला आतून खोल खिसा शिवला आणि वर टिचबटण लावलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. माझा आणि नवऱ्याचा नंबर नव्या कंपनीत टाकला, मामाजींचा जुन्यातच ठेवला. दुकानदाराने अंगठा घेतला, फोटो काढला, नवी कार्डं दिली आणि जुनी बंद पडतील तेव्हा ही घाला म्हणून सांगितलं. ती बंद पडली नेमकी भाजी पोचवायच्या वेळेला, आणि नवी लवकर चालू होईनात. फोन हातात आणि कोणालाच लागत नाही. मी घरात बसू शकले नाही. काही काम नसताना वावरात गेले, मामाजींना पाहून आले, थोड्या वेळाने परत गेले. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "रेंज नाई आली वाटते अजून."

आली, दिवस मावळायच्या आधी. स्वयंपाकघरात आवाज तुटतो, त्यामुळे आचाऱ्याचा फोन आला की मी अंगणात पळते. जाव म्हणते, तुझा फोनच जुना आहे. खरं-खोटं कोण जाणे. नव्या कंपनीचेही दर वाढणार असं लोक बोलू लागले आहेत, आणि बदललं ते बरं केलं की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

मध्ये एकदा सकाळी वाशीमहून नवऱ्याचा फोन आला. मी अंगणात शेंगा निवडत होते. "बाबाचा फोन आला होता मले," तो म्हणाला. माझ्या हातातलं सूप तिरपं झालं, शेंगा खाली सांडल्या. कुठून, मी विचारलं. विहिरीवरून, तो म्हणाला. मी चपला शोधू लागले होते.

"काय म्हणाले?"

"येताना तंबाखू आण म्हणे."

मी सांडलेल्या शेंगा गोळा केल्या, आणि मग वावरात गेलेच. मामाजी मोटारीजवळ उभे होते. बंडीचं टिचबटण लावलेलं होतं. मला पाहून म्हणाले, "कायले आली? मी तर तुले नाई लावला." मी म्हणाले, भेंडी तोडायला आले. टोपली मात्र घरीच राहिली होती, आणि ती राहिली हे त्यांना दिसत होतं.