विहिणीच्या मागे चार सरकारी दवाखाने

तुमच्यापैकी कोणाची विहीण आजारी असेल तर हे नीट वाचा. नसेल तरी वाचून ठेवा, विहिणी कधी ना कधी आजारी पडतातच. मला अक्षर येत नाही. मी सांगते आणि माझी नात पल्लवी टाईप करते. माझ्या ‘मले’चं ती ‘मला’ करते, पुण्याचे लोक वाचतात म्हणे. करू दे. पण लोकांची बोलणी जशीच्या तशी ठेव, असं तिला बजावलंय.

तर तुरी काढून झाल्या आणि एक दिवस सकाळीच माझ्या पोरीचा, सुनीताचा, फोन आला. "माय, आत्याबाई पडल्या. हात मोडला. सरकारी दवाखान्यात हायेत..." आणि फोन बंद. आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी विहीण. मग कितीदा लावला, लागेना.

जाणं भाग होतं. आमच्याकडे विहिणीला दवाखान्यातच भेटावं लागतं. सुट्टी होऊन घरी आल्यावर गेलं तर त्याला जेवायला जाणं म्हणतात. मागे मला टायफॉइड झाला तेव्हा ही बाई दोन केळी घेऊन आली होती, तीही सुट्टीच्या दिवशी, मी खाटेवरून उतरत असताना. मी काही बोलले नाही. फक्त पुढच्या प्रत्येक लग्नात सांगितलं. आता मी चुकले असते तर सुनीताला रोज चहासोबत ऐकावं लागलं असतं, ‘तुई माय नाही आली’. पोरीसाठी निघाले. थोडं माझ्या नाकासाठीही.

डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत बांधलं आणि आमच्या दुसरबीडच्या स्टॉपवर एसटी धरली.

"आजी, कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"सरकारी दवाखान्यात."

"गाव सांगा ना आजी, दवाखाना काय स्टॉप हाय काय?"

पंच्याहत्तरी ओलांडली असेल तर एसटी फुकट आहे. आधार कार्ड विसरू नका. त्याखालच्या बायकांना अर्धं तिकीट. देऊळगाव राजाला गाडी बदलून चिखलीची धरायची. विहिणीचं गाव चिखलीच्या अलीकडे, फाट्यावर उतरून ऑटोनं. रस्ता इतका चांगला झालाय की झोप लागते आणि फाटा निघून जातो, म्हणून कंडक्टरला आधीच सांगून ठेवा.

सुनीताच्या घराला कुलूप होतं. मग गावातला दवाखाना गाठला. मला पाट्या वाचता येत नाहीत, म्हणून मी दवाखाना चपलांवरून ओळखते. इथे दाराशी दोनच जोड होते. हे उपकेंद्र. आत सिस्टरबाई एका रडक्या बाळाला लस टोचत होत्या. त्यांना विहिणीचं विचारलं.

"आजी, म्या काल झोळी बांधून देली अन् पुढं पाठवलं," त्या म्हणाल्या. "इथं लसी, गोळ्या, गरवार बायांची तपासणी. हाड इथं नाही होत."

"मंग कुठं?"

"पीएचसीले."

"हा सरकारी नाही काय?"

"हा बी सरकारी, तो बी सरकारीच."

मला वाटायचं सरकार एक, तर दवाखानाही एकच असेल. बाईंनी माझा बीपी पाहू का विचारलं. मी म्हटलं, मी भेटायला निघालेली बाई, पेशंट नाही. चहा मात्र घेतला.

पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, शेजारच्या मोठ्या गावात. तिथे चपलांची ओळ. डॉक्टर असतात, बाळंतपणाची खोली असते, थोड्या खाटा असतात, आणि झाडाखाली ॲम्बुलन्स उभी. एक्स-रे नसतो. दुसरबीडहून विहिणीला भेटायला आले म्हटलं, तर ॲम्बुलन्सचा ड्रायव्हर हसायलाच लागला. "ते आजी? म्याच नेलं न चिखलीले. लय बोलत होत्या. सगळ्या रस्त्यानं तुमचंच."

"काय म्हणे?"

"म्हणे, आता ते दुसरबीडवाली येते का नाही, पाह्यतोच मी."

ऐकलंत? मोडलेला हात झोळीत, आणि डोळे माझ्या वाटेवर! मी ऑटोवाल्याला म्हटलं, दाब रे बाबा.

चिखलीच्या ग्रामीण रुग्णालयात चपलांचा ढीग. पडलेले, कापलेले, विंचू चावलेले, बाळंतिणी, सगळ्यांची जत्रा. मी जी रांग दिसली तिच्यात उभी राहिले. खिडकीतल्या पोरानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"गोदावरी."

"त्रास काय?"

"विहीण."

अख्खी रांग हसली. एक बाई म्हणाली, "भाऊ, मायाबी हाच त्रास लिहून घ्या." ती केसपेपरची रांग होती. केसपेपरला पैसे लागत नाहीत, पण विहिणीवर औषध नाही, असं त्यानं सांगितलं आणि चौकशी करून आला. विहिणीचा एक्स-रे इथेच काढला, कोपराचं हाड मोडलेलं, सळई टाकायची म्हणून बुलढाण्याला पाठवलं.

ऊन डोक्यावर आलं होतं, पोटात आगडोंब. बुलढाण्याच्या एसटीत मांडीवर डबा. पण उघडलेला डबा विहिणीपुढे ठेवायचा? त्यापेक्षा उपास बरा.

बुलढाण्याला हवा गार आणि दवाखाना केवढा! जिल्हा सामान्य रुग्णालयात चपला कोणी काढतच नाही, त्यामुळे माझी विद्या संपली. भिंतीवर बाणच बाण. दिसेल त्याला विचारत, जिने चढत हाडांच्या वॉर्डाच्या दाराशी आले. समोर ती! हात प्लास्टरमध्ये, नजर दारावर. मी पदर सारखा केला, छाती काढली, म्हटलं आता बोलतेच. आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

जाग आली तेव्हा मी खाटेवर होते. डाव्या हाताला सलाईन. सिस्टर रागवत होती, "आजी, सकाळपासून काही खाल्लं नाही काऊन?" बाजूच्या स्टुलावर, जिथे मी बसायचं होतं, तिथे विहीण बसलेली. सुनीता पदरात तोंड घालून हसत होती.

"या विहीणबाई," विहीण म्हणाली. "भेटाले आल्या का भरती व्हाले?"

"भेटाले."

"मंग झोपल्या काऊन?"

तिचा उजवा हात कामातून गेलेला, माझा डावा. मी डबा धरला, तिनं डाव्या हातानं भाकरी मोडली आणि पहिला घास माझ्याच तोंडात कोंबला. मग स्वतः चाखला.

"ठेचा मिळमिळीत हाय."

"पेशंटसाठी केलता."

"कोणत्या?" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी अशा हसलो की सिस्टरनं दटावलं.

मला एक दिवस ठेवून घेतलं. वरणभात दवाखान्यानंच दिला. सगळ्या प्रवासात खर्च काय तो ऑटोचा. तुम्ही निघाल तर मात्र आधी खाऊन निघा आणि ‘सरकारी दवाखाना’ एवढ्यावर निघू नका. कोणता, ते विचारा. सर्दी-तापाला थेट बुलढाणा गाठू नका आणि मोडलेलं हाड घेऊन उपकेंद्रात बसू नका.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. विहिणीचा हात जुळला, जीभ तर मोडलीच नव्हती. ती सगळ्या सोयऱ्यांत सांगते, "ते कुठं मले भेटाले आली? मीच तिले भेटली, बाजूच्या खाटेवर." म्हणजे माझी भेट धरलीच नाही! पण पूर्वी हे सगळं सुनीताला ऐकावं लागायचं. आता चहाच्या वेळी विहीण पोरीच्या फोनवरून थेट मलाच सुनावते, आणि पोर फोन तिच्या हाती देऊन खुशाल शेतात जाते. परवा तो फोन आला नाही, तर मला चहा गोड लागेना. शेवटी पल्लवीला लावायला सांगितला आणि विचारलं, "काऊन हो विहीणबाई, आज कोणता दवाखाना?"