दहा बोटांचा साक्षीदार

तेहतीस वर्षांच्या नोकरीत किती पंचनामे केले, ते आज सांगता येणार नाही. दोन वर्षांपूर्वीचा हा तपास मात्र दिवसवार डोक्यात बसला आहे, आणि गंमत म्हणजे माझ्या सेवापुस्तकात त्याची नोंदच नाही. निवृत्त होऊन मी मुलाकडे कतारला आलो, त्यानंतरची ही गोष्ट. नावं कोणाचीच देत नाही, तसा शब्द दिला आहे.

मुलाचं घर दोह्याच्या उत्तरेला, समैस्माला. एका दुपारी एसी दुरुस्त करायला एक मिस्त्री आला. चाळिशीचा, मालवणकडचा, दोह्यातल्या नजमा वस्तीत सहा जणांच्या खोलीत राहणारा. मी पोलीस खात्यातला, हे सुनेने सांगितलं तसा तो शिडीवरून खाली उतरला आणि हात पुसून माझ्यासमोर उभा राहिला.

"साहेब, साठेक वर्षांपूर्वी हरवलेला माणूस सापडेल?"

हरवलेला माणूस म्हणजे त्याच्या आईचा बाप. धंद्याने सुतार. बायको पाच महिन्यांची गरोदर असताना तो कतारला निघाला. पोचल्याचं एक पत्र आलं, मग काहीच नाही. तिकडे दुसरी केली, असा निकाल गावाने परस्पर देऊन टाकला. बायको शेवटपर्यंत कुंकू लावत राहिली आणि तशीच गेली.

"आईने बापाचा चेहरा बघितलेला नाही," मिस्त्री म्हणाला. "घरात फोटोच नाही. लहानपणी भांडण झालं की पोरं तिला पळपुट्याची पोर म्हणायची. साठीची झाली, तरी अजून मला विचारते, त्याने आम्हाला टाकलं काय रे?"

मी काम घेतलं. सून म्हणाली, "बाबा, ऑफिशियली तुम्ही रिटायर झालात हां." झालो होतो, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

बेपत्ता माणसाची खबर घेताना आम्ही नावगावानंतर ओळखीच्या खुणा विचारतो. नवे हवालदार त्या रकान्यात 'काही नाही' लिहून मोकळे होत आणि माझ्याकडून झाप खात. मिस्त्रीने तिथूनच आईला फोन लावला. तिला एकच खूण ठाऊक होती, तीही तिच्या आईकडून ऐकलेली. डाव्या हाताची तर्जनी लग्नाआधीच करवतीत गेली होती आणि अर्धीच उरली होती. मी वहीत लिहून घेतलं.

जुन्या काळी इथे उतरलेल्या परदेशी कामगारांच्या परवान्यांची कार्डं दोह्यातल्या एका कचेरीत जपून ठेवलेली आहेत. नातू म्हणून मिस्त्रीने अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने आजोबांचं नाव उलटसुलट करून शोधलं आणि मान हलवली. "अंकल, ये आदमी यहाँ आया ही नहीं."

मिस्त्रीचा चेहरा पडला. पण आलाच नाही, तर पोचल्याचं पत्र कुणी पाठवलं? मी कारकुनाला म्हणालो, नाव राहू दे, जन्मगावाच्या रकान्यात शोध. "इन्शाल्ला," तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला. खरं सांगतो, मी आशा सोडली होती. चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. त्या गावचं एकच कार्ड निघालं होतं.

नाव वाचून मिस्त्री हसायलाच लागला. "साहेब, हे तर आमचे चुलत आजोबा, आजाचे चुलतभाऊ! नव्वदीला टेकलेत, घरी बसून चहा पितायत. ते कधी पणजीच्या पुढे गेले नाहीत."

मी पुढचे रकाने वाचले. बोटीने आगमन. सात महिन्यांनी उत्तरेकडे, आजच्या मदिनत अश शमालच्या बाजूला, एका बांधकामाच्या परांचीवरून पडून मृत्यू. अंत्यविधी इथेच, घरी तारेने कळवलं. म्हणजे गावी चहा पिणारा माणूस कागदोपत्री साठ वर्षांपूर्वी इथे मेला होता! आणि ओळखीची खूण? डाव्या हाताची तर्जनी अर्धी. मी टेबलावर असा हात आपटला की कारकून दचकला.

चुलतभावाच्या पासपोर्टवर दुसराच आला होता, हे उघड होतं. कार्डावरचा फोटो मात्र इथे उतरल्यावर काढलेला होता. कुरळ्या केसांचा एक तरुण त्यातून रोखून बघत होता. पण तो कोण, हे छातीठोक सांगणार कोण? लेकीने बाप पाहिलेला नव्हता. तो चेहरा ओळखणारा जगात एकच माणूस उरला होता, आणि गप्प राहायचं कारणही त्यालाच होतं.

इथे मी चूक केली. मिस्त्रीच्या आईने व्हिडिओ कॉल लावून दिला, तसा म्हाताऱ्याला म्हणालो, "नमस्कार, मी निवृत्त पोलीस अधिकारी." त्याने हात जोडले. दहाही बोटं शाबूत! मला राहवलं नाही. "तुमच्या नावावर कतारला कोण गेलं होतं?" त्याने फोन पालथा घातला आणि पुढचे आठ दिवस फोनच्या जवळ फिरकला नाही. पोरगेल्या फौजदारासारखा घाईला आलो होतो. स्वतःचाच राग आला.

नवव्या दिवशी मिस्त्रीच्या आईने पुन्हा फोन धरला. म्हातारा एकटा, मूलबाळ नाही, शेजारच्या आपल्या माहेरघरातून त्याला रोज पेज नेऊन देणारी तीच. या वेळी मी पोलीस हा शब्द काढला नाही. विचारलं, "तुम्ही दोघेही सुतार. हात कोणाचा बरा होता?"

त्याने आपले दोन्ही हात उलटून बघितले. मग म्हातारा म्हणाला, "त्याचोच. माझी चौकट वाकडी येय. त्याची कधी नाय."

मी फोटो दाखवला. त्याने पडद्यावर बोट ठेवलं आणि भावाला नावाने हाक मारली. मग बांध फुटला.

"पासपोर्ट माझो. आवशीन माका धाडल्यान नाय, एकुलतो एक म्हणान. तो बोललो, मी जातंय तुझ्या नावार. मगे तार इली, मी मेलंय म्हणान! पोस्टमन हसलो, बोललो कायतरी चूक झाली आसा. मी पण हसलंय. आणि रातभर दाराक कडी घालून बसलंय. खोट्या कागदार धाडलंय, पोलीस नेतीत. तार चुलीत घातलंय."

"आणि नंतर? इतकी वर्षं?"

त्याने पुतणीकडे बघितलं. "नंतर ह्याच माका पेज घालूक लागला. सांगितलंय आसता, तर पेज कोण घालतला?"

तिचा आवाज हलला नाही. "काका, उद्या पण पेज येतली. पण सोमवारी देवळात चला. गाऱ्हाण्याच्या वक्ताक सगळ्यांसमोर सांगा."

सोमवारी नजमाच्या त्या खोलीत सहा जण आणि मी एका फोनभोवती दाटीवाटीने बसलो होतो. देवळात देवाला गाऱ्हाणं घालून झालं, तसा म्हातारा काठी टेकून उभा राहिला आणि काही न लपवता सगळं बोलला. मग ती पुढे आली.

"ऐकलास मा सगळ्यांनी? माझो बापूस पळालो नाय. कामार गेलो आणि कामार मेलो. माझी आवस खरी होती. आता बोला, कोणाक काय बोलाचा हा ता!"

देवळातली जुनी माणसं खाली बघू लागली. इथे खोलीत मात्र एकच गलका झाला. कुणी शिट्टी मारली, कुणी "यल्ला, चलो, चाय!" म्हणत खालच्या कॅफेटेरियाकडे धावला. मिस्त्री माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मला नोकरीत बक्षिसं मिळाली आहेत, पण एवढी ताठ मान त्यांनी कधी झाली नव्हती.

बेपत्ता माणसाच्या तपासात आम्ही नेहमी गेलेल्याच्या मागे धावतो. मागे राहिलेल्यांना कोणी नीट विचारत नाही, आणि विचारलंच तर दरडावून. नव्वदीच्या माणसाला अजून पोलिसांची भीती वाटते, यात माझ्या खात्याचाही वाटा आहे, हे मला त्या आठ दिवसांत कळलं. नोकरीत असताना कळलं असतं, तर माझ्या ठाण्यातली बरीच प्रकरणं लवकर निकाली निघाली असती.

गेल्या पितृपक्षात मिस्त्री रजेवर गेला आणि आईच्या घरात आजाच्या नावाने पहिल्यांदा म्हाळ घातला. फोटो मोठा करून चौकटीत बसवला होता. त्याच्या आईने मला फोन लावला आणि चौकट पडद्यासमोर, मुलाच्या चेहऱ्याशेजारी धरली.

"साहेब, बगा तरी! बापूस माझो, आणि माझ्या झिलापेक्षा बारको!"

ती हसली, रडली आणि परत हसली.