रंजनबेनच्या वाटचा निवांतपणा

डॉक्टरांनी रंजनबेनचं ब्लडप्रेशर आधी डाव्या हाताला तपासलं, मग उजव्या, आणि गोळ्यांबरोबर सल्लाही दिला, "बेन, ताण कमी करा." रंजनबेननी मान डोलावली आणि रिक्षा पकडून तडक शाळेत आल्या. नववीचा तास होता.

राजकोटच्या आमच्या कन्याशाळेत त्या विज्ञान शिकवतात. शाळेआधी स्वयंपाक, शाळेनंतर सासूबाईंचे गुडघे चोळून देणं, मग नणंदेच्या मुलांची शिकवणी. ती फुकट, कारण मुलं घरची. त्यांचे यजमान धीरेनभाई यांचं बेअरिंगचं दुकान आहे. दुपारी शटर ओढून ते घरी जेवायला येत आणि जेवून आडवे होत, ते चहा येईपर्यंत. आमच्या गावात याला आळस म्हणत नाहीत, तब्येत सांभाळणं म्हणतात. कुणाची तब्येत, ते विचारायचं नसतं.

पण माणूस दुष्ट नाही. बायकोचं ब्लडप्रेशर ऐकून ते हादरलेच. एका हॉटेलात 'वेळेचं नियोजन, तणावमुक्त जीवन' असं शिबिर होतं, चहा-जेवणासकट. रंजनबेनना जायला वेळ नव्हता, म्हणून त्यांचा ताण घालवायला धीरेनभाई स्वतः गेले. परतले ते टवटवीत होऊन.

"रंजन, तुझं चुकतं कुठे सांगू? तू नुसती कामं करतेस. नियोजन करत नाहीस."

फ्रिजवर तक्ता लागला. रंजनबेनची सगळी कामं त्यात जशीच्या तशी होती, फक्त रंगीत. वर दोन नवी: पहाटे दीर्घ श्वसन, निजण्याआधी दिवसाचा आढावा. प्रत्येक कामाला मोबाईलवर घंटा. शिक्षकांच्या खोलीत ती वाजली की आम्ही विचारायचो, "आता काय हो?"

"आता मी निश्चिंत व्हायचंय," वह्या तपासत त्या सांगायच्या.

पुढच्या खेपेला ब्लडप्रेशर आणखी चढलेलं निघालं. "तू आढावा मनापासून घेत नाहीस," असं धीरेनभाईंचं निदान. वर त्यांनी शिबिरवाल्या सरांना रविवारी जेवायला बोलावलं, सुधारलेलं घर दाखवायला. बेत त्यांनीच ठरवला: उंधियू, पुरी, कढी, श्रीखंड.

शनिवारी रंजनबेननी विचारलं, "अहो, तुमच्या सरांचा पहिला नियम काय?"

"काम हाती घेण्याआधी विचारावं, हे मी केलं नाही तर काय बिघडेल?" धीरेनभाईंना तोंडपाठ होतं.

"मग विचारते. उद्या उंधियू मी केला नाही तर काय बिघडेल?"

"अगं, ते आपलं उदाहरण म्हणून..."

रविवारी सकाळी रंजनबेन माझ्या दारात उभ्या. मोबाईल घरीच ठेवून आल्या होत्या. "पलंग कुठे आहे गं?" एवढंच म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत झोपल्या. कपाळावरची आठी झोपेत सुटलेली मी पहिल्यांदाच पाहिली. दार हळूच ओढून घेतलं.

तिकडे सरांच्या ताटात बाजारचे गाठिया, जिलेबी आणि कच्च्या पपईची कोशिंबीर, म्हणजे संभारा, एवढंच पडलं.

"वहू कुठे गेली रे?" सासूबाईंनी सरांसमोरच विचारलं.

"बा, ती... विश्रांती घेतेय. नियोजनाप्रमाणे."

"वा! हेच तर मी शिकवतो!" जिलेबीनं भरल्या तोंडानं सर म्हणाले. धीरेनभाईंनी त्यांना आणखी एक जिलेबी वाढली.

संध्याकाळी रंजनबेन घरी गेल्या, तेव्हा ते भांडी घासत होते. "लोक काय म्हणतील?" ते पुटपुटले.

"लोकांचं राहू द्या. सर काय म्हणाले?"

तेव्हापासून रात्रीची भाखरी-भाजी धीरेनभाईंकडे आली. सुरुवातीची भाखरी दुकानात ठेवली असती तर बेअरिंग म्हणून खपली असती. शिकवणी बंद झाल्यावर नणंद रुसली, मग तिनं मुलांना क्लास लावला. रंजनबेन आता दुपारी झोपतात. चहा ज्याला हवा तो करतो.

ब्लडप्रेशर उतरलं. डॉक्टरांना धीरेनभाईंनी छाती फुगवून सांगितलं, "सगळी शिबिराची कृपा! मी गेलो म्हणून!"

रंजनबेननी खोडून काढलं नाही. पर्स उचलत म्हणाल्या, "चला लवकर. कणीक मळायचीय तुम्हाला."