चार बोटे लांब उंबरठा

स्वस्ति श्री समस्त-अंबरनाथ-क्वार्टर्स-भूषण, कारखाना-भोंगा-प्रबोधित, स्कूटर-वाहन, रजा-संचय-कुबेर, शपथपालन-धुरंधर, हट्ट-चक्रवर्ती, श्रीमान अण्णा.

हे माझे वडील. आज त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली.

वरील बिरुदांपैकी शेवटच्या दोहोंत अतिशयोक्ती नाही. उलट थोडा संकोचच केलेला आहे.

कोकणातल्या आमच्या गावच्या घरासमोर एक फणस होता. अण्णा आणि त्यांचे थोरले बंधू भाऊ, या दोघांनी तो लहानपणी लावलेला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भाऊंनी तो तोडला आणि त्याच्या लाकडाचा नवा उंबरठा घराला बसवला.

अण्णांना न विचारता. साधे पोस्टकार्डही नाही.

अण्णांनी त्या उंबरठ्यासमोर उभे राहून घोषणा केली, "ह्या उंबरठ्याला माझा पाय लागायचा नाही."

आणि त्याच पावली ते अंबरनाथला परतले. त्यानंतर तीन उन्हाळे आई आणि मी एसटीने गावी गेलो. अण्णांनी रजा साठवली.

चौथ्या वर्षी, एप्रिलात, काकूचे पत्र आले. भाऊंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेल्यात जमा. डॉक्टर तयार, भाऊ तयार नाहीत. म्हणतात, बघावे असे माणूस येत नाही, तर डोळे घेऊन करू काय?

आईने पत्र मोठ्याने वाचले. मग घडी घालत म्हणाली, "अहो, शपथ तुमची, मोतीबिंदू त्यांचा. दोहोंपैकी एक काढावं लागेल."

अण्णांनी एक संपूर्ण रविवार चिंतन केले. सायंकाळी निर्णय जाहीर झाला. "शपथ उंबरठ्याची आहे. अंगणाची नाही. मी गाडीत बसून तोंड दाखवीन."

गाडी आमच्याकडे नव्हती. ती होती उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्या शेठकडे. अण्णांचा जुना स्नेही, सिंधी गृहस्थ.

"ले जाओ साईं. पर घाट में इसको गाली मत देना. बुरा मानती है."

डिलिव्हरी व्हॅन. पुढे दोन सीट, मागे शून्य. म्हणून शेठनी मागे एक नवा कोरा सोफा चढवून दिला. तो कुणा गिऱ्हाइकाचा होता, सबब प्लॅस्टिक काढण्यास सक्त मनाई.

अशा रीतीने माझी मातोश्री अंबरनाथ ते कोकण हा प्रवास, मे महिन्यात, प्लॅस्टिकवर बसून, महाराणीच्या थाटात आणि घामाने निथळत करती झाली.

अण्णा चालवत होते. मी वीस वर्षांचा, ताजा लायसन्सधारी, शेजारी केवळ शोभेला.

घाटात इंजिन तापले. अण्णांनी बॉनेटसमोर हात जोडले. "बाईसाहेब, कृपा करावी." आयुष्यात आईला त्यांनी कधी बाईसाहेब म्हटल्याचे ऐकिवात नाही. सोफ्यावरून तशी नोंद घेण्यात आली.

दिवस मावळण्याआधी अंगणात पोचलो.

आई आणि मी उतरलो. अण्णा स्टिअरिंग धरून बसून राहिले.

भाऊ ओटीवर बसले होते. गाडीच्या आवाजाकडे मान वळली. नजर भलतीकडेच, माडाच्या दिशेला.

"इलो काय तो?"

"इले," काकू म्हणाली. "गाडीतच बसलेत."

"बसांदे."

भाऊ उठले, चाचपडत कोपऱ्यात गेले आणि पहार घेऊन आले. आम्हा सर्वांच्या मनात एकच विचार येऊन गेला. तो इथे लिहीत नाही.

पण ते बसले दाराशी. हाताने उंबरठ्याची कड शोधली, पहार घातली आणि जोर लावला. मी धावलो तर म्हणाले, "तू बाजूक हो. बसवलंय मी, काढीन पण मीच."

अर्धा तास लागला. एकदा पहार घसरली, अंगठा सोलला. गाडीतून अण्णांचा आवाज आला, "डावीकडे, भाऊ. खिळो डावीकडे हा."

तीन वर्षांतले ते पहिले वाक्य.

उंबरठा निघाला. भाऊंनी तो भिंतीला टेकवला.

"उंबरो काढलंय. आता खंयची शपथ मोडता?"

अण्णा उतरले. दाराशी येऊन त्यांनी न्यायाधीशाच्या बारकाईने जमीन तपासली. "खाच रवली हा."

"खाचेक कोण उंबरो म्हणत नाय."

"भावजी," काकू आतून म्हणाली, "चाय निवली."

अण्णांनी तरीही लांब ढांग टाकून खाच ओलांडली. धोका नको.

भाऊंनी त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. "तोंड काय बदलूक नाय तुझा."

"तुका दिसता खंय?"

"हट्ट दिसता मरे."

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झाले. पट्टी सुटली तेव्हा समोर अण्णा बसले होते. साठवलेली रजा अखेर खर्ची पडली.

निघताना भाऊंनी उंबरठा व्हॅनमध्ये सोफ्यासमोर ठेवला. "तुझ्या झाडाचो आसा. घेवन जा."

उल्हासनगरला शेठनी व्हॅनमध्ये डोकावून पाहिले. "साईं, लोग गाँव से आम लाते हैं. तुम दरवाजा लाए?"

"दरवाजा उधरीच है, शेठ," अण्णा म्हणाले. "खुला."

अण्णा, भाऊंनी त्या दाराला पुन्हा उंबरठा बसवला नाही. तुम्ही मात्र दर मे महिन्यात तिथे ढांग टाकूनच आत गेलात. तुम्हाला साष्टांग नमस्कार. भाऊही आता तिकडेच आहेत. भांडा, पण बोलून भांडा.

आता राहिला एक मुद्दा.

निवृत्तीनंतर अण्णांनी तो उंबरठा बदलापुरात, खरवईच्या आमच्या फ्लॅटला बसवून घेतला. तो चौकटीपेक्षा चार बोटे लांब आहे. सुताराने करवत काढली, तर अण्णांनी हात धरला. "एकदा तोडलंय ते झाड. पुरे."

म्हणून तो तिरका बसवला आहे. परिणामी दार चार बोटे उघडेच राहते. शेजारचे मांजर स्वतःचे घर असल्यासारखे येते. डासांचे तर विचारूच नका.

सुतार म्हणतो, लाकूड कापा. सोसायटी म्हणते, भिंतीला हात लावू नका. बायको म्हणते, काहीतरी करा.

करवत न वापरणारा सुतार कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे.