राजाच्या घरात उंट

दारव्ह्याजवळच्या तांड्यावर डोंगरसिंग राठोडची पिठाची चक्की आहे. तिच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट कायम मांडलेला. दळण होईस्तोर माणसं खेळत बसतात. आता चक्की त्याची पोरगी रंजिता चालवते. ओट्यावर तिला हरवेल असा गडी तांड्यात एकच उरला, खुद्द तिचा बाप.

तांड्यावरचा खेळ जुन्या वळणाचा. किल्लेकोट म्हणजे कॅसलिंग नाही, पण राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. स्पर्धेचे नियम रंजिता मोबाईलवर शिकली. डोक्यात बसले, पण हातात जुनंच मुरलेलं.

गेल्या साली यवतमाळला बायांच्या जिल्हा निवडीत घात झाला तो त्यानंच. व्हिडिओतल्या चाली पाठ करून गेलती. समोरचीनं चौथीच चाल निराळी केली अन् पाठ केलेलं सारं सांडलं. त्या गडबडीत हिनं राजा उचलला आणि टुणकन घोड्यापुढच्या घरात ठेवला. घर मोकळं होतं ना! पंचानं उडी परत घ्यायला लावली. पण हात लागला तो राजाच चालवावा लागतो, आणि उंट जागेवरच, म्हणून किल्लेकोटही होईना. राजा एक घर पुढं, उघड्यावर आला. डाव गेला, जिल्ह्याच्या टीममधली जागाही गेली.

"राजा उडवला म्हनते पोट्टी!" डोंगरसिंग हसू हसू बेजार झाला.

"हसू नको बा. सवय तूच लावली."

"मंग त्या घरात कोनाले तरी बसव ना! जागाच नसंल तं राजा उडंल कुठं?"

बाप थट्टेनं बोलला, पण रंजितानं चक्की बंद केली आणि पटाशी बसली. घोडा बाहेर. त्याच्यापुढचं प्यादं एक घर वर. रिकाम्या घरात उंट. मग किल्लेकोट. पांढरी असो की काळी, मांडणी हीच. समोरच्यानं काहीही खेळो, पाठ करायचं ओझं नाही.

"दोन्हीकडून एकच? काळ्याची चाल मांगून येते, तुले ठेचतीन," डोंगरसिंग म्हणाला आणि ठेचून दाखवलंही. मधली प्यादी रेटत रेटत त्यानं तिचे मोहरे कोपऱ्यात कोंबले. वरून म्हणे, "घर बांधलं, दार ठेवलंच नाही!"

तेव्हा तिनं काळीसाठी दुरुस्ती केली. किल्लेकोट झाला की बसून राहायचं नाही, समोरच्याची मधली फळी आपल्या प्याद्यानं फोडायची. मग दळणाला येईल त्याला तिनं पटावर बसवलं. वणीच्या खाणीतून सुटीवर आलेला भाऊ संजयही सुटला नाही. "बाई, मी जेवाले आलो, लढाले नाही!" तो ओरडायचा. उन्हाळा सरता सरता बापाशी डाव बरोबरीत सुटू लागले, तेव्हा डोंगरसिंग हसायचा थांबला.

यंदा निवडीचा शेवटचा डाव. जिंकली तर टीममध्ये, नाही तर घरी. काळी तिच्या वाट्याला, समोर वणीची निकिता. निकितानं प्यादी अशी रेटली की रंजिताचा हात आपसूक राजाकडं गेला. पण उडीच्या घरात उंट बसलेला. हात बोटभर वरच थांबला. तिनं दम घेतला, मग राजा उचलून नीट किल्लेकोट केला. पुढच्या चालीला मधलं प्यादं पुढं ढकललं आणि निकिताची फळी फुटली. त्या भगदाडातून कोपऱ्यातला उंट सरळ तिच्या हत्तीवर गेला.

तांड्यावर उतरली तर बाप ओट्यावरच.

"उडाला काय राजा?"

"कुठं उडंल बा, उंट बसला होता ना तिथं!"

डोंगरसिंगनं मिशीवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी लालीबाई दळणासाठी घाई करू लागली, तेव्हा त्याचा आवाज चक्कीच्या वर चढला:

"दम धर वो लाली! जिल्ह्याची खेळाडू दळून राह्यली तुही ज्वारी. घाई असंल तं दारव्ह्याले जाय!"

लालीबाई गेली नाही. पटासमोर बसली आणि घोडा बाहेर काढला.